रघुनाथ धोंडो कर्वे

रघुनाथ धोंडो कर्वे (१४ जानेवारी १८८२ – १४ ऑक्टोबर १९५३) हे मराठी विचारवंत, लेखक, संपादक आणि संततिनियमनाचे आद्य प्रचारक होते. पेशाने ते गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत भारतातील पहिले संततिनियमन केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून मृत्यूपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. संततिनियमनासाठी त्यांचे नाव सर्वश्रुत असले, तरी गुप्तरोगांचा, म्हणजे लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या रोगांचा प्रतिबंध हा त्यांच्या कार्याचा तितकाच महत्त्वाचा भाग होता. परमा आणि उपदंश हे जंतूंमुळे होणारे रोग आहेत, ती पापाची शिक्षा नव्हे, आणि त्यांच्यापासून बचाव कसा करावा हे प्रत्येकाला मातृभाषेत कळले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. या भूमिकेपायी त्यांना नोकरी गमवावी लागली, न्यायालयात उभे राहावे लागले आणि आयुष्यभर समाजाचा रोष सोसावा लागला.

बालपण आणि शिक्षण

रघुनाथ कर्वे यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूड येथे झाला. स्त्रीशिक्षण आणि विधवाविवाह यांसाठी आयुष्य वेचणारे महर्षी धोंडो केशव कर्वे हे त्यांचे वडील, तर राधाबाई या त्यांच्या आई. रघुनाथ नऊ वर्षांचे असताना, १८९१ मध्ये राधाबाईंचे निधन झाले. १८९३ मध्ये धोंडो केशवांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. पुढे त्या आनंदीबाई किंवा बाया कर्वे या नावाने ओळखल्या गेल्या. या विवाहामुळे मुरूड गावाने कर्वे कुटुंबावर बहिष्कार घातला. समाजाने निषिद्ध मानलेली गोष्ट विचारपूर्वक करणे आणि तिची किंमत मोजणे म्हणजे काय, हे रघुनाथांनी अशा रीतीने लहानपणीच घरात पाहिले.

त्यांचे शालेय शिक्षण पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये झाले. १८९९ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले. फर्ग्युसन महाविद्यालयातून १९०४ मध्ये त्यांनी बी.ए. ही पदवी मिळवली. त्यांचे वडीलही त्याच महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. शंकर, दिनकर आणि भास्कर हे रघुनाथांचे सावत्र बंधू होत. समाजशास्त्रज्ञ व लेखिका इरावती कर्वे या दिनकर कर्वे यांच्या पत्नी होत.

पुढे गणिताच्या उच्च अभ्यासासाठी कर्वे पॅरिसला गेले. तेथील वास्तव्यात फ्रेंच भाषेवर त्यांनी प्रभुत्व मिळवले आणि युरोपातील लैंगिक विज्ञान, संततिनियमन व सार्वजनिक आरोग्य या विषयांवरील लेखनाचा त्यांचा परिचय वाढला. फ्रान्समध्ये गुप्तरोगांच्या प्रतिबंधाची चर्चा त्या काळी प्रयोगशाळेच्या पातळीवर सुरू होती. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील मेचनिकॉव्ह आणि रू या शास्त्रज्ञांनी १९०६ मध्ये, संबंधानंतर लवकर कॅलोमेल हे पाऱ्याचे मलम लावल्यास उपदंशाची लागण टळू शकते, असे दाखवले होते. पहिल्या महायुद्धात अनेक सैन्यांनी अशा उपायांचा वापर केला.

अध्यापन आणि राजीनामा

कर्वे मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. हे महाविद्यालय ख्रिस्ती मिशनच्या व्यवस्थापनाखाली होते. संततिनियमन आणि लैंगिक आरोग्य यांविषयी कर्वे उघडपणे बोलू आणि लिहू लागले, तेव्हा त्यांचे हे विचार संस्थेला मान्य होण्यासारखे नव्हते. प्रचार किंवा प्राध्यापकी यांपैकी एकाची निवड करण्याची वेळ आली असता, १९२५ मध्ये त्यांनी प्राध्यापकपदाचा राजीनामा दिला. त्यानंतर त्यांना स्थिर उत्पन्नाचे साधन राहिले नाही.

त्यांच्या पत्नी मालतीबाई यांनी या कार्यात त्यांना अखेरपर्यंत साथ दिली. कर्वे दांपत्याने स्वतःला अपत्य न होऊ देण्याचा निर्णय विचारपूर्वक घेतला होता आणि तो पाळला.

संततिनियमन केंद्र

१९२१ मध्ये कर्वे यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र उघडले. मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये आपले पहिले केंद्र सुरू केले तेही याच वर्षी. कर्वे यांच्या केंद्राला शासनाचा किंवा कोणत्याही मोठ्या संस्थेचा आधार नव्हता. ‘राइट एजन्सी’ या नावाने ते संततिनियमनाची साधने उपलब्ध करून देत. पुढच्याच काळात, १९२३ मध्ये, त्यांचे ‘संततिनियमन : विचार व आचार’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले.

केंद्रात मिळणाऱ्या साधनांपैकी एक, म्हणजे रबरी पिशवी किंवा आजच्या भाषेत निरोध, दोन कामे एकाच वेळी करीत असे. त्यामुळे गर्भधारणा टळे आणि रोगाचा संसर्गही टळे. संततिनियमन आणि गुप्तरोगप्रतिबंध हे दोन विषय कर्वे यांच्या विचारात एकमेकांना जोडलेले होते. नको असलेले गर्भारपण आणि नवऱ्याकडून लागलेला रोग, या दोन्हींचा भार स्त्रीवरच पडतो आणि दोन्ही ज्ञानाने टाळता येतात, हा त्यामागील समान धागा होता.

गुप्तरोगविषयक कार्य

तत्कालीन परिस्थिती

कर्वे यांच्या कार्याचे महत्त्व कळण्यासाठी त्या काळी गुप्तरोगांविषयी काय माहीत होते आणि काय उपाय होते, हे पाहणे आवश्यक आहे. मराठीत सर्वांत परिचित असे दोन रोग होते : परमा आणि गरमी, म्हणजेच उपदंश. सोळाव्या शतकात भावमिश्राच्या ‘भावप्रकाश’ या ग्रंथात उपदंशाचा उल्लेख फिरंग रोग या नावाने आला असून, फिरंगी लोकांच्या संसर्गाशी त्याचा संबंध जोडलेला आहे. परमा आणि उपदंश हे एकच रोग आहेत की वेगळे, याविषयी युरोपातही दीर्घकाळ गोंधळ होता. १८७९ मध्ये जर्मन वैद्य आल्बर्ट नायसर यांनी परम्याचा जंतू ओळखला. १९०५ मध्ये शाउडिन आणि हॉफमान यांनी उपदंशाचा जंतू शोधला आणि पुढच्याच वर्षी रक्तावरील वासरमान चाचणी उपलब्ध झाली. हे दोन्ही रोग भिन्न जंतूंमुळे होतात, हे आता निर्विवाद ठरले होते.

निदान पुढे गेले असले, तरी उपचार मागे होते. उपदंशावर पॉल अर्लिख यांचे साल्व्हर्सान हे आर्सेनिकयुक्त औषध १९१० पासून मिळू लागले. ते प्रभावी होते, पण त्याची इंजेक्शने दीर्घकाळ घ्यावी लागत आणि त्याचे दुष्परिणामही गंभीर असत. परम्यावर तर तोंडाने घेण्याचे कोणतेही खात्रीचे औषध नव्हते. पोटॅशियम परमँगनेटच्या द्रावणाने मूत्रमार्ग धुणे आणि चांदीच्या संयुगांची पिचकारी देणे, हे उपचार आठवडेच्या आठवडे चालत. ते वेदनादायक होते आणि रोग पुन्हा उलटण्याची शक्यता असे. रोग लपवण्याकडे लोकांचा कल असल्याने वैदू आणि जाहिरातबाज औषधविक्रेते यांचे चांगले फावत असे. पौरुषवर्धक आणि धातुपुष्टीच्या औषधांच्या जाहिराती त्या काळच्या वृत्तपत्रांत सर्रास आढळत.

शासनाचे धोरणही एकांगी होते. १८६८ च्या सांसर्गिक रोग कायद्यानुसार वेश्यांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी केली जाई आणि रोगी स्त्रियांना स्वतंत्र रुग्णालयात ठेवले जाई. त्यांच्याकडे जाणाऱ्या पुरुषांना मात्र हा कायदा लागू नव्हता. तीव्र विरोधानंतर १८८८ मध्ये तो रद्द झाला. परंतु रोगाचे मूळ स्त्रीत आहे, ही समजूत त्याबरोबर गेली नाही.

परम्याचे स्वरूप

परमा हा नायसेरिया गोनोऱ्हीई या जंतूमुळे होणारा संसर्ग आहे. हे जंतू जोडीजोडीने राहतात आणि ओलसर श्लेष्मल त्वचेवर वाढतात. शरीराबाहेर ते फार काळ तग धरत नाहीत. म्हणून हा रोग हवेतून, पाण्यातून किंवा एकत्र जेवल्याने होत नाही, तर लैंगिक संबंधातून पसरतो. पुरुषांमध्ये साधारणपणे दोन ते सात दिवसांत लघवीच्या वेळी जळजळ होते आणि मूत्रमार्गातून पू येतो. स्त्रियांमध्ये बहुतेक वेळा लक्षणे अगदी सौम्य असतात किंवा दिसतच नाहीत.

रोगाचा सामाजिक अन्याय याच फरकात दडलेला आहे. पुरुषाला त्रास होतो, म्हणून तो निदान उपचार शोधतो. त्याच्याकडून संसर्ग झालेल्या पत्नीला मात्र आपल्याला काही झाले आहे हे कळतही नाही. जंतू गर्भाशयातून बीजवाहिन्यांपर्यंत पोहोचले तर ओटीपोटात दाह होतो, नलिका बंद होतात आणि वंध्यत्व येते. ज्या समाजात वांझपणाचा दोष स्त्रीलाच दिला जाई आणि त्या कारणावरून नवरा दुसरे लग्न करू शके, तेथे नवऱ्याने आणलेल्या रोगाची शिक्षा बायकोला भोगावी लागे. प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाच्या डोळ्यांना संसर्ग झाल्यास अंधत्वही येऊ शकते. नवजात अर्भकाच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालण्याची पद्धत जर्मन प्रसूतितज्ज्ञ क्रेडे यांनी १८८० च्या सुमारास सुरू केली, ती यासाठीच.

‘गुप्तरोगांपासून बचाव’

या पार्श्वभूमीवर कर्वे यांनी ‘गुप्तरोगांपासून बचाव’ हे पुस्तक लिहिले. पुस्तकाच्या नावातील बचाव हा शब्द त्यांची दृष्टी स्पष्ट करतो. उपचार अनिश्चित, महाग आणि कष्टदायक असताना लागण टाळणे हाच शहाणपणाचा मार्ग होता. तत्कालीन सुधारकांपैकी अनेकांना प्रतिबंधाचा एकच उपाय मान्य होता, तो म्हणजे संयम. साधनांची माहिती दिल्यास अनीतीला उत्तेजन मिळेल, असा त्यांचा आक्षेप असे. महात्मा गांधी यांनीही संततिनियमनाच्या कृत्रिम साधनांना विरोध करून ब्रह्मचर्याचा पुरस्कार केला होता. कर्वे यांना हा युक्तिवाद मान्य नव्हता. रोगाची भीती दाखवून नीती शिकवता येत नाही आणि अज्ञानामुळे अनीती कमी न होता केवळ रोग वाढतो, असे ते मानत. जंतू विवाहित आणि अविवाहित, पापी आणि पुण्यवान असा भेद करीत नाही. म्हणून रोगाचा विचार इतर कोणत्याही सांसर्गिक रोगाप्रमाणे केला पाहिजे, ही त्यांची बुद्धिवादी मांडणी होती.

‘समाजस्वास्थ्य’ मासिक

१५ जुलै १९२७ रोजी ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचा पहिला अंक निघाला. व्यक्तीच्या आणि समाजाच्या शारीरिक व मानसिक आरोग्याची चर्चा करणे, हा मासिकाचा उद्देश होता. संततिनियमन, गुप्तरोग, विवाहसंस्था, स्त्रीचा लैंगिक सुखाचा अधिकार, नग्नता, आहार, धर्म आणि बुद्धिवाद अशा विषयांवर त्यात लेखन येई. मुखपृष्ठावर बहुधा विवस्त्र स्त्रीचे चित्र असे. शरीर ही लाजेची वस्तू नाही, हे सुचवण्याचा त्यामागे हेतू होता. संपादन, लेखन, मुद्रितशोधन आणि वितरण यांचा बहुतेक भार कर्वे स्वतः वाहत. मासिकाचा खप कधीही मोठा झाला नाही, तरीही ते सुमारे २६ वर्षे चालले.

मासिकातील वाचकांच्या प्रश्नांचे सदर विशेष महत्त्वाचे होते. घरच्या वैद्याला किंवा वडीलधाऱ्यांना जे विचारता येत नसे, ते वाचक पत्राने विचारत. हस्तमैथुन, स्वप्नावस्था, वैवाहिक असमाधान, समलैंगिकता आणि गुप्तरोग यांविषयीच्या शंका त्यात असत. कर्वे त्यांना थोडक्यात, वैज्ञानिक माहितीच्या आधारे आणि उपदेश न करता उत्तरे देत. हस्तमैथुनाने शक्ती नष्ट होते, या समजुतीचे त्यांनी वारंवार खंडन केले. ही समजूत तरुणांना भोंदू औषधविक्रेत्यांच्या दारी नेत होती. महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय पुरुषांच्या लैंगिक चिंतांचा इतिहास अभ्यासणाऱ्या संशोधकांसाठी हा पत्रव्यवहार आज महत्त्वाचे साधन ठरला आहे.

शकुंतला परांजपे यांनीही मासिकात लेखन केले. त्या पुढे पुण्यात संततिनियमनाच्या कार्यात अग्रेसर राहिल्या.

खटले

‘समाजस्वास्थ्य’मधील लेखनावरून कर्वे यांच्यावर अश्लीलतेच्या आरोपाखाली खटले झाले. ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखाबद्दल १९३१ मध्ये त्यांना अटक झाली आणि १०० रुपये दंडाची शिक्षा झाली. उच्च न्यायालयातील अपीलही फेटाळले गेले.

१९३४ मध्ये मासिकातील प्रश्नोत्तरांवरून पुन्हा कारवाई झाली. या प्रकरणी मुंबई उच्च न्यायालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली. लैंगिक शिक्षण हाच ज्या मासिकाचा विषय आहे, त्याने वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तर देणे अश्लील कसे ठरते, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. प्रश्न विकृत वाटला तरी विकृती ज्ञानानेच दूर होऊ शकते, अशी मांडणी त्यांनी केली. हा खटलाही कर्वे हरले आणि त्यांना २०० रुपये दंड भरावा लागला. वाचकाच्या आरोग्यविषयक प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार या दृष्टीने या खटल्याकडे आज पाहिले जाते आणि डॉ. आंबेडकरांच्या वकिलीतील एक लक्षणीय प्रकरण म्हणून त्याचा उल्लेख होतो.

वेश्याव्यवसायाविषयी भूमिका

गुप्तरोगांची चर्चा त्या काळी वेश्याव्यवसायाच्या चर्चेपासून वेगळी होत नसे. कायद्याने हा प्रश्न सोडवण्याचे प्रयत्न निरनिराळ्या ठिकाणी झाले होते. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९२० मध्ये मुली देवाला सोडण्याच्या, जोगतिणी व मुरळ्या करण्याच्या प्रथेस कायद्याने बंदी घातली. मुंबई प्रांतात वेश्याव्यवसाय प्रतिबंधाचा कायदा १९२३ मध्ये आणि देवदासी संरक्षणाचा कायदा १९३४ मध्ये झाला.

शाहू महाराजांच्या कायद्याचा रोख, अजाण मुलीला तिच्या इच्छेविरुद्ध या जीवनात ढकलणाऱ्या प्रथेवर होता. कर्वे यांचा प्रश्न वेगळा होता. जी स्त्री या व्यवसायात आहे तिच्याकडे समाजाने कसे पाहावे, हा त्यांच्या विचाराचा विषय होता. १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘वेश्याव्यवसाय’ या पुस्तकात त्यांनी या विषयाची ऐतिहासिक आणि सामाजिक चर्चा केली. वेश्येला तुच्छ लेखणे आणि तिच्याकडे जाणाऱ्या पुरुषाला प्रतिष्ठित मानणे, हा दुटप्पीपणा त्यांना मान्य नव्हता.

उत्तरायुष्य आणि निधन

कर्वे यांच्या उत्तरायुष्यात गुप्तरोगांच्या उपचारात क्रांती झाली. १९३७ च्या सुमारास सल्फा औषधांनी परमा बरा होऊ लागला. परंतु काही वर्षांतच जंतू या औषधांना दाद देईनासे झाले. १९४३ मध्ये पेनिसिलिन परमा आणि उपदंश या दोन्हींवर गुणकारी असल्याचे दिसून आले. ज्या रोगासाठी महिनोन्‌महिने पिचकाऱ्या घ्याव्या लागत, तो आता काही इंजेक्शनांनी बरा होऊ लागला. पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला आणि पेनिसिलिनचे उत्पादन देशातच होऊ लागले. ते पाहायला कर्वे हयात नव्हते.

१९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. ज्या विचारासाठी कर्वे यांनी नोकरी सोडली होती, तो आता शासकीय धोरण बनला होता. त्यानंतर वर्षभरातच, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी, त्यांचे निधन झाले. त्यांच्याबरोबर ‘समाजस्वास्थ्य’ही थांबले. वडील महर्षी कर्वे यांना पुत्रवियोग पाहावा लागला. महर्षींना १९५८ मध्ये भारतरत्न हा सन्मान मिळाला आणि १९६२ मध्ये ते निवर्तले. पुत्राच्या वाट्याला मात्र हयातीत कोणताही मोठा सन्मान आला नाही.

आजच्या काळातील महत्त्व

प्रतिजैविके आल्यानंतर परम्याचा प्रश्न कायमचा सुटला, असे अनेकांना वाटले होते. तसे घडले नाही. १९७६ मध्ये पेनिसिलिनला निष्प्रभ करणारे जंतू आढळले आणि त्यानंतर एकामागून एक औषधे निकामी होत गेली. आज परम्यावर मुख्यतः सेफ्ट्रियाक्सोन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिले जाते. क्लॅमिडिया या दुसऱ्या जंतूचा संसर्ग सोबत असण्याची शक्यता असल्याने त्यावरही उपचार केला जातो. अर्धवट किंवा स्वतःच्या मनाने घेतलेली औषधे जंतूंना अधिक चिवट बनवतात. एकदा रोग होऊन गेल्याने प्रतिकारशक्ती येत नाही, त्यामुळे तो पुन्हा होऊ शकतो. जोडीदाराची तपासणी व उपचार झाले नाहीत, तर बरा झालेला रुग्ण पुन्हा आजारी पडतो. परमा असताना एचआयव्हीची लागण होण्याचा आणि ती इतरांना देण्याचा धोकाही वाढतो.

शासकीय रुग्णालयांत लैंगिक रोगांवर सल्ला आणि उपचार देण्यासाठी सुरक्षा क्लिनिक या नावाने केंद्रे चालवली जातात. तेथे लक्षणांनुसार औषधांचे संच मोफत मिळतात आणि रुग्णाची माहिती गोपनीय ठेवली जाते. १९६८ मध्ये शासनाने निरोध या नावाने स्वस्त दरात साधने बाजारात आणली. कर्वे यांनी एकट्याने जे केले, त्याला अशा प्रकारे शासनाचे पाठबळ मिळाले. तरीही रोग लपवण्याची, जोडीदाराला न सांगण्याची आणि स्त्रीला दोष देण्याची प्रवृत्ती औषधाने बरी होणारी नाही. तिच्यावर कर्वे यांनी सांगितलेला मोकळ्या ज्ञानाचा उपाय आजही लागू पडतो.

ग्रंथसंपदा

कर्वे यांच्या प्रमुख ग्रंथांत ‘संततिनियमन : विचार व आचार’ (१९२३), ‘गुप्तरोगांपासून बचाव’, ‘आधुनिक कामशास्त्र’ (१९३४), ‘आधुनिक आहारशास्त्र’ (१९३८) आणि ‘वेश्याव्यवसाय’ (१९४०) यांचा समावेश होतो. याखेरीज त्यांनी ललित लेखनही केले. फ्रेंच साहित्याच्या वाचनाचा त्यावर प्रभाव दिसतो.

स्मृती

निधनानंतर काही दशके कर्वे यांचे कार्य बऱ्याच अंशी विस्मरणात गेले होते. य. दि. फडके यांनी लिहिलेल्या चरित्रामुळे आणि अनंत देशमुख यांनी केलेल्या संशोधन-संपादनामुळे त्यांचे लेखन नव्या वाचकांपर्यंत पोहोचले. त्यांच्या जीवनावर अमोल पालेकर यांनी ‘ध्यासपर्व’ (२००१) हा मराठी चित्रपट दिग्दर्शित केला. त्यांच्यावरील खटल्यांवर आधारित ‘समाजस्वास्थ्य’ हे अजित दळवी लिखित आणि अतुल पेठे दिग्दर्शित नाटकही रंगभूमीवर आले.